आकडा आणि त्याची उंची : सांख्यिकीय आलेखांच्या अभ्यासाची प्रस्तावना

संख्यात्मक माहिती तक्त्याच्या रूपात असते तेव्हा वाचक ती एकेक आकडा करून वाचतो; तीच माहिती आलेखात मांडली की तो आकडे बाजूला ठेवतो आणि रेषेची लांबी, बिंदूची जागा, पट्टीची रुंदी किंवा रंगाची गडद-फिकट छटा यांवरून राशींचा अंदाज बांधतो. हा अंदाज क्षणात बांधला जातो आणि एकदा बांधला गेला की सहसा बदलत नाही. तक्त्यातला चुकीचा आकडा तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटणे अवघड असते, परंतु सर्व आकडे बरोबर असताना चुकीच्या प्रमाणात काढलेला स्तंभ तपासणीतून बिनबोभाट पार पडतो, कारण तपासणी आकड्यांची होते, उंचीची होत नाही. अचूकता हे गणिताचे काम आणि सुवाच्यता हे सजावटीचे, अशी जी वाटणी कार्यालयांत आणि पाठ्यपुस्तकांतही गृहीत धरलेली दिसते, ती या कारणाने टिकत नाही. वाचक जे पाहतो तेच त्याच्या लेखी विधान असते, आणि आलेखाच्या रूपातली चूक ही वस्तुस्थितीचीच चूक ठरते.

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये आयात-निर्यातीचे रेषालेख छापले आणि त्याच ग्रंथात, स्कॉटलंडची एकाच वर्षाची आकडेवारी हाताशी असल्याने काळाची रेषा काढता येईना म्हणून, देशवार स्तंभ काढले. वर्तुळाचे भाग पाडून दाखवण्याची वृत्तालेखाची रीत त्याने १८०१ मध्ये आणली. म्हणजे स्तंभालेख जन्मला तो माहितीच्या तुटवड्यातून. पुढे जवळजवळ दोन शतके आलेख चांगला कशाने होतो याविषयी मते पुष्कळ होती, मोजमाप मात्र अपुरे होते. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवले, की एकाच प्रमाणरेषेवरील बिंदूंच्या जागा माणूस सर्वांत अचूकपणे ताडतो, लांबी त्याखालोखाल, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून कमी, आणि रंगाच्या छटांवरून राशी ओळखण्यात तो सर्वांत जास्त चुकतो. वृत्तालेखात सात-आठ भाग असले की कोणता मोठा हे ठरवताना वाचक अडखळतो, याचे कारण याच क्रमात आहे.

अशा सर्वसाधारण नियमांची परीक्षा स्थानिक आकडेवारीवर होते, आणि त्यासाठी कृष्णा-कोयनेच्या खोऱ्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. कराडला लागून पुणे–बंगळूर महामार्गावर वसलेल्या मलकापूरने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभी केली. तेव्हा नगरपंचायत असलेल्या या गावाने नळांना मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर चढत जाणारी, ‘टेलिस्कोपिक’ म्हणून ओळखली जाणारी, आकारणी स्वीकारली. पाणी मोजले जाऊ लागले की आकडेवारी आपोआप साठू लागते, आणि त्याबरोबर ती लोकांपुढे कशी मांडायची हा प्रश्नही येतो. मलकापूरसारख्या लहान गावातही तो टळत नाही.

टप्प्याटप्प्याची दरपद्धत आलेखकाराला ज्या खड्ड्यात पाडते तो जवळून पाहण्याजोगा आहे. केवळ उदाहरणापुरती कल्पना करावी, की एका प्रभागातील १,००० नळजोडण्यांपैकी ४०० जोडण्यांचा मासिक वापर ० ते १० हजार लिटर, ३०० जोडण्यांचा १० ते १५ हजार, २०० जोडण्यांचा १५ ते २५ हजार आणि उरलेल्या १०० जोडण्यांचा २५ ते ५० हजार लिटर आहे. लिपिकाने बिलाच्या टप्प्यांप्रमाणे सारख्या रुंदीचे चार स्तंभ काढले तर पहिला स्तंभ सर्वांत उंच येईल, पुढचे उतरत जातील, आणि कमीत कमी पाणी वापरणारी घरेच जास्त आहेत असा समज होईल. परंतु टप्पे सारखे नाहीत. पहिल्या टप्प्यात १० हजार लिटरची रुंदी आहे, दुसऱ्यात ५ हजारांची, तिसऱ्यात १० हजारांची, चौथ्यात २५ हजारांची. दर हजार लिटरमागे जोडण्या मोजल्या तर अनुक्रमे ४०, ६०, २० आणि ४ अशी उंची मिळते, म्हणजे खरी दाटी १० ते १५ हजार लिटरच्या दरम्यान आहे आणि शेवटी एक लांबच लांब, बुटकी शेपटी आहे. अशा आलेखाला पाठ्यपुस्तकात आयतालेख म्हणतात; त्यातील स्तंभ एकमेकांना चिकटून असतात आणि वारंवारता, म्हणजे त्या वर्गात येणाऱ्या घटकांची संख्या, स्तंभाच्या उंचीने न दाखवता क्षेत्रफळाने दाखवली जाते. सुट्या स्तंभांचा स्तंभालेख आणि आयतालेख यांतला भेद शालान्त परीक्षेपुरता पाठ करून विसरला जातो. वरच्या उदाहरणात तो भेद विसरला तर दर ठरवणाऱ्या सभेपुढे खोटे चित्र जाते, आणि कोणता टप्पा किती घरांवर बोजा टाकतो याचा हिशेबच उलटतो.

हीच दरपद्धत बिलाच्या अंगाने मांडली तर आणखी एक गोष्ट उघड होते. आडव्या अक्षावर वापर आणि उभ्या अक्षावर बिलाची रक्कम घेतल्यास, फक्त वाढीव पाण्यालाच वाढीव दर लावणाऱ्या आकारणीची रेषा प्रत्येक टप्प्याशी वाकते पण कोठेही तुटत नाही. टप्पा ओलांडताच सगळ्या पाण्याला वरचा दर लावणाऱ्या आकारणीची रेषा मात्र टप्प्यावर पायरीसारखी वर उडी घेते. दरांचा छापील तक्ता दोन्ही पद्धतींचा सारखाच दिसू शकतो. ग्राहकाला ‘एक हजार लिटर जास्त वापरले तर बिल किती वाढेल’ एवढेच जाणून घ्यायचे असते, आणि त्याचे उत्तर तक्त्यापेक्षा रेषेच्या चढावात लवकर मिळते.

स्तंभ शून्यापासून सुरू व्हावेत हा नियम सर्वश्रुत आहे, तरी तो मोडल्यावर नेमके काय होते हे आकड्यांत पाहिलेले बरे. जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २८,०८,९९४ होती आणि २०११ मध्ये ३०,०३,७४१. दहा वर्षांतील वाढ सात टक्क्यांहूनही थोडी कमी. उभा अक्ष २८ लाखांपासून सुरू केला तर पहिल्या स्तंभाची उंची जेमतेम नऊ हजारांची उरते आणि दुसऱ्याची दोन लाखांच्या वर जाते, म्हणजे दुसरा स्तंभ पहिल्याच्या सुमारे साडेबावीस पट उंच दिसतो. एकही आकडा खोटा न लिहिता सात टक्क्यांची वाढ बावीस पटींची करून दाखवण्याची ही किमया पुष्कळदा हेतुपुरस्सर नसतेच. संगणकातील तयार साधने जागा वाचवण्यासाठी अक्ष स्वतःच कापतात आणि काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मात्र हाच नियम रेषालेखाला किंवा पातळीच्या मोजमापाला डोळे मिटून लावणे हीसुद्धा चूकच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते; ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. येथे शून्य फूट हा मोजपट्टीचा आरंभ आहे, पाण्याच्या धोक्याचा नाही, त्यामुळे शून्यापासून उभे केलेले ५३ आणि ५७ फुटांचे दोन स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात, आणि त्या चार फुटांत शहराच्या किती वस्त्या बुडाल्या याचा मागमूस त्या चित्रात राहत नाही. येथे वेळेनुसार चढणारी रेषा, तीवर ४० आणि ४५ फुटांच्या दोन आडव्या खुणा, आणि नागरिकांना ठाऊक असलेल्या गल्ल्या-चौकांत पाणी शिरण्याच्या पातळ्या, एवढेच पुरेसे असते. स्तंभ लांबीने बोलतो म्हणून त्याला शून्य लागते. रेषा जागेने आणि उताराने बोलते, तिला शून्याची सक्ती नाही. लिंगगुणोत्तरासारख्या राशीत तर नैसर्गिक आरंभबिंदू १,००० हा आहे, कारण दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती हे त्यातून कळायचे असते. २०११ मधील साताऱ्याचे ९८८ आणि सांगलीचे ९६६ हे आकडे हजारापासून खाली लोंबणाऱ्या पट्ट्यांनी दाखवले तर त्यांतील अंतर लगेच लक्षात येते.

पूरपातळीच्या आलेखात दोन बारीक गोष्टी वारंवार बिघडतात. पहिली काळाची : एरवी दिवसातून ठरावीक वेळी घेतल्या जाणाऱ्या नोंदी पूर चढताना तासातासाला घेतल्या जातात, आणि या सर्व नोंदी आडव्या अक्षावर सारख्या अंतरावर मांडल्या की पाणी प्रत्यक्षात झपाट्याने वाढत असते तेथेच रेषा सपाट होते. नोंदीचा क्रमांक ही वेळ नव्हे. दुसरी गोष्ट फूट-इंचांची : ५७ फूट ६ इंच ही पातळी मध्ये टिंब देऊन ५७.६ अशी लिहिली जाते आणि संगणक ती दशांशात वाचतो, वास्तविक ती ५७.५ असते, ११ इंचांचे तर ५७.११ होऊन ती ५७.६ पेक्षा खाली उतरते. चढणारे पाणी अशा आलेखात मध्येच ओसरल्यासारखे दिसते.

पावसाचे आकडे याहून कठीण परीक्षा घेतात. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. एकाच सरळ प्रमाणावर दोन्ही काढले तर माणचा स्तंभ खुंटासारखा उरतो, आणि तेथील ३०० मिलिमीटरचे दुष्काळी वर्ष व ६०० मिलिमीटरचे सुकाळाचे वर्ष यांतला फरक, ज्यावर चारा छावण्या आणि टँकर अवलंबून असतात, तो रेषेच्या जाडीत हरवतो. सरासरीशी टक्केवारी काढून दाखवण्याचा प्रघात आहे, पण महाबळेश्वरच्या सरासरीच्या साठ टक्के म्हणजे तरीही ३,००० मिलिमीटर, आणि माणच्या साठ टक्के म्हणजे करपलेली बाजरी. टक्केवारी दोन्हींना एकाच मापाने तोलते. उरतो तो लॉगरिदमी प्रमाणाचा मार्ग, ज्यात अक्षावरील समान अंतर समान पटी दाखवते, समान फरक नव्हे. असे प्रमाण सामान्य वाचकाला झेपत नाही असा आक्षेप घेतला जातो. तथापि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपापासून या भागातील माणसे भूकंपाची तीव्रता ज्या मापात ऐकत आली आहेत ते माप याच जातीचे आहे, कारण त्यातील एका अंकाची वाढ म्हणजे कंपनाचा विस्तार दहा पट आणि उत्सर्जित ऊर्जा सुमारे बत्तीस पट. तरीही पावसासाठी सर्वांत समजण्याजोगी रीत म्हणजे प्रत्येक तालुक्याला स्वतःचे लहान चौकटीतले चित्र देणे आणि चौकटींचे प्रमाण वेगळे आहे हे ठळकपणे लिहिणे. या चौकटींचा क्रमही विचाराने लावावा लागतो. साताऱ्याचे अकरा तालुके अकारविल्हे लावले तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे, महाबळेश्वर, जावळी, पाटण यांपासून खटाव आणि माणपर्यंत लावले तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा उतार आपोआप उमटतो.

पाऊस आणि धरणाचा साठा एकाच चित्रात, डावीकडे मिलिमीटर आणि उजवीकडे टीएमसी अशा दोन अक्षांवर दाखवण्याची हौस पावसाळ्यात शिगेला पोचते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी धरली जाते. दोन स्वतंत्र अक्षांची प्रमाणे काढणाऱ्याच्या मर्जीवर असल्याने दोन रेषा कोठे छेदतात, कोणती कोणाच्या पुढे जाते, हे सारे कृत्रिम असते, पण वाचक नेमका त्या छेदनबिंदूतच अर्थ शोधतो. शिवाय पाऊस ही रोजची आवक आहे आणि साठा ही साचलेली राशी, म्हणून पाऊस कमी झाल्यावरही साठा वाढत राहतो आणि त्यात विसंगती काहीच नसते. त्यातच पावसाची नोंद आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतची असते, म्हणजे ज्या तारखेवर स्तंभ उभा केला जातो तो पाऊस बहुतांशी आदल्या दिवसाचा असतो. नदीची पातळी मात्र त्या-त्या तासाची. दोन्ही एकत्र ठेवले की पाऊस आणि पूर यांमधला अवधी प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो, आणि त्यावरून विसर्गाविषयी वाद रंगतात. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट या मापात, सांगितला जातो; चोवीस तास सतत ११,५७४ क्युसेक पाणी सोडले तर एक टीएमसी होते, ही एक ओळ आलेखाखाली छापली तरी दोन मापांमधली भिंत पडते. दोन चित्रे एकाखाली एक, काळाचा अक्ष समाईक, हा उपाय साधा आहे. तो कमी वापरला जातो, बहुधा त्यात नाट्य नसते म्हणून.

एका सरळ रेषेच्या जागेवरून केवढा वाद होऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण याच जिल्ह्याने दिलेल्या दोन संख्याशास्त्रज्ञांच्या मतभेदात सापडते. पां. वा. सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये खटाव तालुक्यातील बुध येथे झाला आणि नमुना सर्वेक्षणाचे तज्ज्ञ म्हणून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत पोचले, वि. म. दांडेकर १९२० मध्ये साताऱ्यात जन्मले आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या दारिद्र्यविषयक अभ्यासात माणशी रोज २,२५० कॅलरी ही किमान गरज धरून, ती भागवू न शकणाऱ्या खर्चगटांना दारिद्र्यात मोजले. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की ऊर्जेची गरज ही एक संख्या नाही. माणसामाणसांत ती वेगळी असते, एवढेच नव्हे तर त्याच माणसात दिवसागणिक बदलते, आणि सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण अर्धपोटी ठरवला तर निरोगी माणसेही त्यात ओढली जातात. म्हणून सीमारेषा सरासरीवर न ठेवता तिच्यापासून दोन प्रमाण विचलने खाली, म्हणजे राशींच्या विखुरलेपणाचे जे प्रमाणित माप आहे त्याच्या दुप्पट अंतरावर, ठेवावी. दांडेकरांना हे मान्य नव्हते आणि वाद एकोणीसशे ऐंशीच्या दशकात नियतकालिकांतून चालू राहिला.

त्या वादाचा निवाडा प्रस्तुत विषयाच्या कक्षेत येत नाही. आलेखाच्या दृष्टीने पाहण्याजोगे ते वेगळेच. आहारातील कॅलरींच्या वितरणाचा घंटेच्या आकाराचा वक्र काढला आणि त्यावर उभी रेषा ओढली, तर वक्राच्या फुगीर भागात ती रेषा किंचित सरकली तरी डावीकडचे क्षेत्रफळ, म्हणजे गरिबांची संख्या, झपाट्याने बदलते. वक्राच्या टोकाकडे तीच रेषा तेवढीच सरकली तर फारसे काही घडत नाही. ‘अमुक टक्के लोक रेषेखाली’ असा एकच आकडा किंवा एकच स्तंभ हा नाजूकपणा दाखवूच शकत नाही. वितरण दाखवणारा आलेख ती रेषा कोठे आहे, ती आणखी कोठे असू शकली असती आणि तशी असती तर काय झाले असते, हे सारे वाचकाला एका नजरेत तपासू देतो, आणि मग मतभेद रेषेच्या जागेवर होतो, आकड्याच्या खरेखोटेपणावर नाही. प्रशासकीय अहवालांत सरासरीचा इतका सुळसुळाट असताना वितरणाचे आलेख शोधावे लागतात, ही खेदाची बाब आहे.

मराठीत आलेख काढताना काही अडचणी अशा येतात ज्यांचा उल्लेख इंग्रजी ग्रंथांत असण्याचे कारण नाही. ‘कवठे महांकाळ’ किंवा ‘महाबळेश्वर’ अशी नावे उभ्या स्तंभांखाली मावत नाहीत म्हणून तिरकी किंवा उभी फिरवली जातात, आणि शिरोरेखेवर डोळा ठेवून वाचणाऱ्या वाचकाला मान वाकडी करावी लागते. स्तंभ आडवे घेतले की नावे सरळ बसतात आणि प्रश्नच उरत नाही. अयोग्य टंकामुळे जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात, म्हणून छपाईपूर्वी आलेखातील अक्षरे मजकुरापेक्षा अधिक काळजीने तपासावी लागतात. संगणक तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देऊन अक्षावर दशलक्ष मांडतो, तर वाचक लाख-कोटींत विचार करतो. ३०,०३,७४१ ही संख्या ३.००४ दशलक्ष अशी लिहिली की ती परकी होते. अंक देवनागरी असोत वा आंतरराष्ट्रीय, एका पुस्तकात एकच प्रकार असावा. रंगांबाबत एवढेच, की लाल आणि हिरवा यांत फरक न ओळखू शकणारे वाचक, विशेषतः पुरुष, प्रत्येक समूहात असतात, आणि ग्रामसभेपुढे येणारा अहवाल बहुधा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर येतो, तेथे सगळ्या छटा सारख्याच करड्या होतात.

तालुकावार छटांचे नकाशे हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय असला तरी त्यातील मुख्य धोका येथेच नोंदवणे इष्ट. एकूण संख्येवरून छटा दिल्या तर लोकवस्तीचा कराड नेहमीच गडद आणि आटपाडी नेहमीच फिकट दिसतो, मग विषय रुग्णांचा असो की शाळांचा. दर हजारी प्रमाण घेतल्याशिवाय असा नकाशा केवळ लोकसंख्येचीच पुनरुक्ती करतो. त्यातही पाटणसारखा विस्ताराने मोठा, डोंगराळ तालुका कागदावर जी जागा अडवतो ती तेथील माणसांच्या मानाने कितीतरी जास्त असते, म्हणून नकाशाशेजारी त्याच आकड्यांचा बिंदू-आलेख देण्याची पद्धत या पुस्तकात अवलंबली आहे.

शेवटी, आलेखाखालच्या ओळीविषयी. आकडे कोणी, केव्हा आणि कोणत्या व्याख्येने गोळा केले हे तेथे लिहिलेले नसेल तर आलेख कितीही रेखीव असला तरी तपासता येत नाही. महाराष्ट्रातील शून्य ते सहा वयोगटाचे बाल लिंगगुणोत्तर २०११ च्या जनगणनेच्या तात्पुरत्या आकडेवारीत ८८३ होते आणि अंतिम आकडेवारीत ८९४ झाले. २००१ मध्ये ते ९१३ होते. तात्पुरता आकडा घेऊन काढलेली रेषा तीस अंकांची घसरण दाखवते, अंतिम आकडा घेतल्यास ती एकोणीस अंकांची होते. दोन्ही आलेख आजही पुस्तकांत आणि भाषणांत फिरतात, दोन्हींखाली ‘स्रोत : जनगणना २०११’ एवढेच लिहिलेले असते, आणि यांपैकी कोणता तात्पुरत्या आकड्यांवर बेतलेला आहे हे ओळखण्यासाठी वाचकाला मूळ तक्त्यापर्यंत जावे लागते.